कंपनीची वाटणी आणि आपले येणे



वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल आणि पालकांनाही कंटाळा येणार नाही असा विषय घ्यावा, अशी मला सूचना होती. मी निवडलेला विषय ऐकून काही जण म्हणतील की, यावलच्या सभेत याचे काय काम? विषय असा: एखादी मोठी कंपनी आपला एक उद्योग वेगळा काढून त्याची दुसरी कंपनी करते, तेव्हा पहिल्या कंपनीकडे ज्यांचे पैसे अडकलेले असतात त्यांचे काय होते? बाजारात या प्रकाराला डीमर्जर म्हणतात. आपण त्याला कंपनीची वाटणी म्हणू. वाटणी म्हणजे काय, हे केळीच्या या तालुक्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आणि ही गोष्ट फार दूरची आहे असेही नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची कापड गिरणी १९७९ पासून आहे. त्या रेमंड कंपनीच्या अलीकडे दोन वाटण्या झाल्या. कापड व तयार कपड्यांचा धंदा रेमंड लाइफस्टाइल या नव्या कंपनीकडे गेला आणि तिचे भाग ५ सप्टेंबर २०२४ रोजी शेअर बाजारात आले. घरबांधणीचा धंदा रेमंड रिअल्टीकडे गेला आणि तिचे भाग १ जुलै २०२५ रोजी बाजारात आले. ज्याच्याकडे रेमंडचे ५ भाग होते त्याला लाइफस्टाइलचे ४ भाग मिळाले, पुढे रिअल्टीच्या वेळी एका भागास एक भाग मिळाला. जळगावच्या गिरणीत कामाला जाणाऱ्याचे फाटक तेच राहिले, भोंगा तोच राहिला. मालक कंपनीचे नाव मात्र बदलले.

वर्तमानपत्रांत अशा वाटणीची बातमी येते ती बहुधा सामान्य भागधारकाच्या बाजूने. एका भागाचे दोन झाले, दोघांची मिळून किंमत वाढली, वगैरे. बजाज ऑटोची वाटणी २००७-०८ साली झाली. वाहनांचा धंदा एकीकडे, विमा व अर्थव्यवहार दुसरीकडे आणि जुनी कंपनी गुंतवणुकी सांभाळणारी, अशी तिघांत विभागणी झाली. त्या वेळी ज्यांनी कागद जपून ठेवले त्यांच्या घरी आजही त्याच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या भागधारकाच्या आहेत. कंपनीत त्याच्याखेरीज आणखी दोन प्रकारचे लोक पैसे गुंतवून बसलेले असतात, त्यांच्याविषयी मला आज बोलायचे आहे.

पहिला, अग्रहक्काचा भागधारक, म्हणजे प्रेफरन्स शेअरवाला. याला ठराविक दराने लाभांश मिळतो आणि तो सामान्य भागधारकाच्या आधी मिळतो. ठरलेल्या मुदतीनंतर त्याची रक्कम परत करायची असते. आपल्याकडे २०१३च्या कंपनी कायद्याने ही मुदत साधारणपणे २० वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. या हक्काच्या बदल्यात त्याने कंपनीच्या कारभारातले मत सोडलेले असते. ज्या ठरावाने त्याच्या हक्कांवर प्रत्यक्ष परिणाम होतो तेवढ्यावरच तो मत देऊ शकतो. मात्र दोन वर्षे लाभांश थकला, तर मग सगळ्याच ठरावांवर त्याला मत मिळते. कंपनीची भरभराट झाली तरी त्याचा वाटा वाढत नाही. त्याच्या हातात आहे ते केवळ एक वचन.

दुसरा, धनको. बँक, कर्जरोखेवाला, ठेवीदार हे धनको आहेतच. व्याजाचा पैसा घ्यावा की न घ्यावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. परंतु कारखान्याला खोकी, सुटे भाग, रंग किंवा पोती उधारीवर पुरवणारा छोटा दुकानदार हाही धनको आहे. माल वाहून दोन महिने भाड्याची वाट पाहणारा ट्रकमालक धनको आहे. ज्याचा पगार राहिला आहे तो कामगार धनको आहे. आपल्या समाजातील किती कुटुंबे या तीन प्रकारांत मोडतात ते आपणच मोजा. म्हणजे शेअर बाजाराशी माझा संबंध नाही असे म्हणणारा मनुष्यही या वाटणीत सापडू शकतो.

आता वाटणीचाच विचार करू. आपल्याकडे मयताच्या मालमत्तेचा क्रम लहानपणापासून कानावर पडतो. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मर्यादेतील वसीयत आणि त्यानंतर जे उरेल त्यात वारसांचे हिस्से. पत्नीची न दिलेली मेहेरसुद्धा कर्जातच धरतात. क्रम अगदी स्वच्छ आहे: ज्याचे देणे आहे त्याचे फिटल्याशिवाय वारसाने हात लावायचा नाही. कंपनी बुडते तेव्हा कायदाही असाच एक क्रम लावतो. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत तो दिलेला आहे. सर्वांत आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि ज्यांनी आपले तारण सर्वांच्या हिशेबात सोडून दिले असे तारणवाले धनको, दोघे एका पायरीवर. मग इतर नोकरांचे १२ महिन्यांचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी देणी. मग उरलेले, ज्यात पुरवठादार येतो. त्याच्याखाली अग्रहक्काचा भागधारक आणि अगदी तळाला सामान्य भागधारक. फैजपूरजवळचा मधुकर सहकारी साखर कारखाना जिल्हा बँकेच्या थकीत कर्जापोटी विकला गेला. ती सहकारी संस्था होती, कंपनी नव्हती. पण आधी कोणाचे आणि मागून कोणाचे, हा प्रश्न त्या वेळी या तालुक्याने जवळून ऐकला आहे.

डीमर्जरमध्ये गंमत ही की, घर चालू असतानाच वाटणी होते. कोणी मेलेले नाही, कोणी बुडालेले नाही, म्हणून तो क्रम लावण्याची वेळच येत नाही. तळाच्या पायरीवरच्या सामान्य भागधारकाच्या हातात नव्या कंपनीचे भाग पडतात, आणि वरच्या पायऱ्यांवरचे लोक आहेत तिथेच उभे असतात. फक्त त्यांच्या पायाखालची जमीन थोडी कमी झालेली असते. किती कमी, ते एका हिशेबाने पाहू. विद्यार्थ्यांनी वहीत मांडून घ्यावा. आकडे माझे आहेत, कोणत्या खऱ्या कंपनीचे नव्हेत.

एक कापड कंपनी आहे. तिची गिरणी ४० कोटींची आणि शहरातील जमीन ६० कोटींची, मिळून १०० कोटी. बँकेचे कर्ज ३० कोटी, पुरवठादारांचे देणे १० कोटी. अग्रहक्काचे भाग २० कोटींचे, ८ टक्क्यांचे, म्हणजे वर्षाला १ कोटी ६० लाख लाभांश. उद्या कंपनी मोडून विकली तर १०० मधून ४० कोटी देणी वजा जाता ६० उरतात. अग्रहक्कवाल्याचे २० सहज फिटतात आणि ४० सामान्य भागधारकांना मिळतात. अग्रहक्कवाला निर्धास्त आहे; त्याच्या एका रुपयामागे तीन रुपये उभे आहेत.

आता कंपनी ठरवते की जमीन वेगळ्या कंपनीत घालायची. बँकेच्या कर्जापैकी १० कोटी जमिनीबरोबर जातात, २० गिरणीवर राहतात. पुरवठादार गिरणीचेच, ते गिरणीबरोबर. अग्रहक्काचे भागही जुन्या कंपनीतच. मांडा हिशेब. जुन्या कंपनीकडे ४० कोटींची गिरणी, देणी ३० कोटी, उरले १०. अग्रहक्कवाल्याचे येणे आहे २० कोटी, म्हणजे त्याच्या एका रुपयामागे आता आठ आणे. नव्या कंपनीकडे ६० कोटींची जमीन, कर्ज १०, उरले ५०, आणि ते सगळे सामान्य भागधारकांचे. वाटणीपूर्वी त्यांचे ४० होते. जुन्या कंपनीत त्यांच्यासाठी काही उरले नाही, तरी नव्या कंपनीत ५० झाले. हे १० कोटी कोठून आले? गिरणीने एक वार कापड जास्त विणले नाही, जमीन एक फूट वाढली नाही. अग्रहक्कवाल्याच्या पाठीमागचे १० कोटी गेले तेच हे. पुरवठादाराचे १० कोटी कागदावर अजून सुरक्षित दिसतात. पण कापडाचा धंदा दोन वर्षे मंदीत गेला की त्याच्या आधाराला जमीन नाही.

हाच हिशेब दुसऱ्या रीतीने मांडता येतो. बँकेचे ३० कोटी मालमत्तेच्या प्रमाणात वाटले, तर १८ जमिनीवर जातात आणि १२ गिरणीवर राहतात. अग्रहक्काचे भागही त्याच प्रमाणात वाटले, तर १२ कोटींचे नव्या कंपनीत आणि ८ कोटींचे जुन्या कंपनीत. मग गिरणीत ४० मधून १२ आणि १० वजा जाता १८ उरतात आणि त्यावर अग्रहक्काचा भार केवळ ८ चा. जमिनीत ६० मधून १८ जाता ४२ आणि भार १२ चा. कोणाचे काही बिघडले नाही. म्हणजे वाटणी ही मुळात वाईट गोष्ट नाही. वाटणीचा कागद कसा लिहिला, यावर सगळे आहे. आपल्याकडे १९६१च्या आयकर कायद्यात डीमर्जरची जी व्याख्या घातली गेली तिच्यात असेच प्रमाण होते: त्या उद्योगाची स्वतःची देणी आणि त्याच्यासाठी काढलेले कर्ज त्याच्याबरोबर जावे, आणि सामाईक कर्ज मालमत्तेच्या प्रमाणात जावे. हे कलम धनकोच्या कळवळ्याने लिहिले असे मला वाटत नाही. करातून सूट कोणाला द्यायची याची ती अट होती. पण तिचा आडून उपयोग धनकोला झाला, हे खरे.

जिथे अशी अट आड येत नाही तिथे काय घडते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. मॅरियट ही हॉटेलांची प्रसिद्ध कंपनी. तिने १९९२च्या वसंतात बाजारात कर्जरोखे विकले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केले की, कंपनीचे दोन भाग होणार. हॉटेले चालवण्याचा, कमाईचा धंदा एका कंपनीकडे. इमारती आणि बहुतेक सगळे कर्ज दुसरीकडे. भागांचा भाव चढला, कर्जरोख्यांचा भाव कोसळला. रोखेवाले न्यायालयात गेले. शेवटी त्यांच्यातील अनेकांशी तडजोड झाली, जास्त व्याजाचे आणि लांबच्या मुदतीचे नवे रोखे देण्यात आले आणि १९९३ मध्ये वाटणी पार पडली. रोखे विकताना ज्या कराराखाली पैसे घेतले त्यात वाटणीस मनाई करणारे कलम नव्हते. रोखेवाल्यांनी व्याजाचा दर वाचला होता.

आपल्या देशातील धनकोची स्थिती या बाबतीत बरी आहे, आणि ही गोष्ट मला आज विशेष करून सांगायची आहे. १९५६च्या कंपनी कायद्यात कलम ३९१ ते ३९४ होती आणि हे काम उच्च न्यायालयाकडे असे. आता २०१३च्या कायद्याची कलमे २३० ते २३२ आहेत, आणि डिसेंबर २०१६ पासून हे काम राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण पाहते. वाटणीची योजना न्यायाधिकरणापुढे ठेवावी लागते. भागधारक आणि धनको यांच्या वर्गवार सभा बोलावतात. सामान्य भागधारकांचा वर्ग वेगळा, अग्रहक्काचा वेगळा, तारणवाल्या धनकोंचा वेगळा, विनातारणवाल्यांचा वेगळा. जो वर्ग मत देतो त्यातील बहुसंख्य, आणि रकमेने तीन-चतुर्थांश, अनुकूल असतील तर त्या वर्गाची संमती. मग न्यायाधिकरणाचा हुकूम होतो, आणि त्या हुकुमाने देणी एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जातात. एकदा हुकूम झाला की तुमची स्वतंत्र सही लागत नाही. तुम्ही ज्याला उधार दिले तो एक, आणि ज्याच्याकडे वसुलीला जायचे तो दुसरा.

यातील मेख कोठे आहे पाहा. तीन-चतुर्थांश मोजतात ते मत देणाऱ्यांतले. पाकीट न उघडता कपाटावर ठेवणारा त्या हिशेबात धरलाच जात नाही. टपालाने किंवा संगणकावरून मत देण्याची सोय असते, सूचना मिळाल्यापासून एक महिन्याची मुदत असते. लेखी हरकत नोंदवायची तर मात्र एकूण भागांपैकी १० टक्के किंवा एकूण देण्यापैकी ५ टक्के रक्कम आपली असावी लागते. एकटा छोटा पुरवठादार तेवढा कोठून असणार? पण जळगावसारख्या ठिकाणी एकाच कारखान्याचे पुरवठादार एकमेकांना ओळखतात. त्यांनी मिळून वकील केला तर ५ टक्के हा आकडा नेहमीच अशक्य असतो असे नाही. दुसरी मेख: ९० टक्के रकमेच्या धनकोंनी प्रतिज्ञापत्रावर संमती दिली, तर धनकोंची सभाच माफ होऊ शकते. म्हणजे मोठ्या बँका राजी झाल्या की लहानांची बैठक भरणार नाही.

अग्रहक्काच्या वर्गातही एक अडचण आहे. पुष्कळ कंपन्यांत हे भाग बाहेरच्या लोकांकडे नसून चालकांच्याच घरात किंवा त्यांच्याच दुसऱ्या कंपनीत असतात. माझ्या मघाच्या हिशेबात त्यांचे एका हातातून १० कोटी गेले तरी दुसऱ्या हातात आले. ते आनंदाने हात वर करणार. उरलेल्या चार बाहेरच्या माणसांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मिहीर मफतलाल विरुद्ध मफतलाल इंडस्ट्रीज या खटल्यात अशा योजनांबाबत न्यायालयाने काय पाहावे ते सांगितले. तो खटला वाटणीचा नव्हता, कंपन्या एकत्र करण्याचा होता. पण कसोटी तीच लागते. सभा नीट झाल्या का, मतदारांपुढे सर्व माहिती ठेवली होती का, बहुमताने अल्पमतावर अन्याय केला का, हे न्यायालय पाहते. धंद्याच्या दृष्टीने योजना शहाणपणाची आहे की नाही, हे ते ठरवीत बसत नाही. म्हणून न्यायाधीश आपली काळजी घेतील असे म्हणून घरी बसणे बरोबर नाही. माहिती दडवली हे दाखवून द्यायला कोणीतरी उभे राहावे लागते.

उभा राहिला तर काय होते, त्याचे उदाहरण ताजे आहे. वेदांता कंपनीच्या मोठ्या वाटणीत पंजाबातील तळवंडी साबो वीज कंपनीचा एक भाग होता. तिच्या एका चिनी ठेकेदार कंपनीने, सेपकोने, हरकत घेतली की आमचे १,२५१ कोटी रुपयांचे येणे धनकोंच्या यादीत दाखवलेलेच नाही. मार्च २०२५ मध्ये न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने त्या वीज कंपनीची योजना फेटाळली. प्रकरण पुढे अपिलात गेले, आणि वेदांताच्या मूळ वाटणीला डिसेंबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. पण एका धनकोच्या हरकतीने एवढे मोठे गाडे काही काळ अडले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. यादीत नाव आहे की नाही, हा किती साधा प्रश्न!

सगळ्याच वाटण्यांत धनकोचे नुकसान होते, असा समज मात्र करून घेऊ नका. रेमंडने २०२३ साली आपला साबण-सुगंधी द्रव्यांचा धंदा गोदरेज कन्झ्युमरला २,८२५ कोटी रुपयांना विकला आणि कर्जाचा भार उतरवला. वाटण्या त्यानंतर झाल्या. देणे आधी, वाटणी नंतर. मला ही रीत पसंत आहे. टाटा मोटर्सने २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांचा धंदा वेगळा केला तेव्हा त्या धंद्याबरोबर २,३०० कोटींचे कर्जरोखेही नव्या कंपनीकडे गेले, आणि रोखेधारकांसाठी १० ऑक्टोबर ही स्वतंत्र नोंद-तारीख ठरली. भागधारकांची तारीख १४ ऑक्टोबर होती. अशा वेळी रोखेधारकाने पाहायचे ते एवढेच की, ज्या घरात माझे वचन राहायला गेले त्या घराची मिळकत ते पाळण्याइतकी आहे का. मालवाहू गाड्यांच्या धंद्यात तेजी-मंदीची लाट असते. पण चालता धंदा बरोबर आला आहे, नुसते कर्ज आलेले नाही.

आता पुरवठादार पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. ज्या कारखान्याला आपण माल देतो त्याच्या वाटणीची बातमी आली की योजनेतील दोन तारखा पाहाव्यात. एक, ज्या दिवसापासून हिशेब नव्या कंपनीचे धरले जातील तो. दुसरी, ज्या दिवशी योजना प्रत्यक्ष लागू होते तो. या दोहोंत वर्षाचेही अंतर पडू शकते. त्या मधल्या काळातील बिले कोणाच्या नावाची, मागणीपत्र कोणत्या कंपनीचे, जीएसटी क्रमांक कोणता, हे तपासावे आणि बाकी कबूल असल्याचे पत्र जुन्या कंपनीकडून वेळीच घ्यावे. लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल तर ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क २००६च्या कायद्याने दिलेला आहे. मालक कंपनी बदलली म्हणून तो जात नाही. कामगारांनी आपल्या नोकरीचा काळ सलग धरला जाईल असे कलम योजनेत आहे का, ते पाहावे. बहुधा असते. ग्रॅच्युइटीची वर्षे त्यावर अवलंबून आहेत.

आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. नोंदणीकृत कंपनीच्या वाटणीची पूर्ण योजना तिच्या संकेतस्थळावर आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. पैसे पडत नाहीत. त्यातील एक कोणतीही काढा. सुरुवातीची उद्देशांची दोन-तीन पाने सोडून द्या, ती सगळीकडे सारखीच गोड असतात. देणी कोणाकडे जाणार हे लिहिलेले परिच्छेद शोधा आणि अग्रहक्काच्या भागांविषयी काही लिहिले आहे का ते पाहा. मग मी मांडला तसा हिशेब त्या कंपनीच्या ताळेबंदावरून मांडा. इंग्रजी रुक्ष आहे, एकेक वाक्य अर्ध्या पानाचे आहे. दोन-तीनदा वाचावे लागेल, आणि अडले तर आपल्या वाणिज्याच्या शिक्षकांपाशी बसावे.